देवाचा दरबार

देवाचा दरबार हे मराठी कवी व ख्रिस्ती धर्मोपदेशक रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ साली सातारा येथे स्थापन केलेले ख्रिस्तशिष्यांचे मंडळ होते. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात बंधुभावाचे स्थान होते, हे या मंडळाचे मुख्य वैशिष्ट्य होय. टिळकांच्या निधनामुळे दोन वर्षांच्या आतच त्याचे कार्य खंडित झाले. तरीही, येशूचे अनुयायित्व म्हणजे एखाद्या चर्चच्या नोंदवहीतील नाव की रोजच्या जगण्याची रीत, हा प्रश्न मराठी भाषेत व मराठी संसाराच्या चौकटीत इतक्या थेटपणे मांडणारा हा प्रयत्न असल्याने महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात त्याला महत्त्व आहे.

शिष्य ही संज्ञा

नव्या करारात येशूच्या अनुयायांसाठी येणाऱ्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'शिकणारा' असा आहे. 'ख्रिस्ती' हे नाव नंतरचे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील नोंदीनुसार (११:२६) शिष्यांना ते नाव प्रथम अंत्युखिया येथे मिळाले. आपला वधस्तंभ उचलून मागे येण्याची येशूची आज्ञा मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आहे. त्यांपैकी 'दररोज' हा शब्द मात्र केवळ लूककृत शुभवर्तमानात (९:२३) आढळतो. या एका शब्दाने आज्ञेचा रोख बदलतो. हौतात्म्य आयुष्यात एकदाच येते. दररोज उचलायचा वधस्तंभ स्वयंपाकघरात, पाणवठ्यावर आणि पगाराच्या दिवशीही उचलावा लागतो.

मराठीत हा शब्द आला तो गुरुपरंपरेचा अर्थ घेऊन. शिष्य गुरूच्या सहवासात राहतो, त्याची सेवा करतो आणि त्याचे वागणे पाहून शिकतो. मतांचा स्वीकार ही त्याची केवळ एक बाजू असते. टिळकांना ख्रिस्ताकडे 'गुरू' म्हणून पाहणे सहज जमले, याचे कारण ते वारकरी संतवाङ्मयावर वाढले होते. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, अशी त्यांची स्वतःविषयीची भूमिका होती. ख्रिस्तावरील त्यांच्या अभंगांचा संग्रह 'अभंगांजली' हा या भूमिकेचाच विस्तार मानता येईल.

पार्श्वभूमी

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. तिच्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत मोठी होती. धर्मांतर म्हणजे त्या काळी जातीतून, घरातून आणि नात्यांतून एका दिवसात बाहेर पडणे होते. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा दत्तू यांच्यापासून टिळकांची ताटातूट झाली व ती काही वर्षे टिकली. हा काळ लक्ष्मीबाईंनी नातलगांच्या आश्रयाने, काही अंशी पंढरपुरात काढला. पुढे त्या पतीकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. देवाच्या दरबारात बाप्तिस्म्याची अट न ठेवणारा मनुष्य बाप्तिस्म्याचे मोल स्वतः चुकवून आलेला होता, हे त्याच्या भूमिकेचा विचार करताना ध्यानात ठेवावे लागते.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात सामील झाले. या मिशनचे मुंबईतील काम १८१३ मध्ये व अहमदनगरमधील काम १८३१ मध्ये सुरू झाले होते. जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांत प्रामुख्याने महार व मांग समाजांतून आलेले लोक होते. शिक्षक, उपदेशक, पाळक यांचे वेतन मिशनकडून येई, शाळा व वसतिगृहे मिशनची असत, आणि मिशनच्या आवारात राहणाऱ्याला घरही मिशनचेच मिळे. या व्यवस्थेने अनेकांना दुष्काळातून तारले, लिहिते-वाचते केले आणि गावकीच्या जाचातून सोडवले. परंतु तिच्यामुळे अनुयायी परदेशी धन्याचा नोकर दिसू लागला, आणि 'पोटासाठी बाटले' हा आरोप गावोगाव ऐकू येऊ लागला. आरोप बहुतांशी अन्यायकारक होता, तरी त्याला आधार पुरवणारी आर्थिक रचना खरी होती. टिळकांना ती अखेरपर्यंत सलत राहिली.

घर: आचरणाची पहिली शाळा

दरबाराच्या स्थापनेपूर्वीच टिळकांच्या अहमदनगर व राहुरी येथील घरात त्याची पूर्वतयारी झाली होती. या घराचे सर्वांत तपशीलवार चित्र लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात मिळते. १९३० च्या दशकात प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठी गद्यातील श्रेष्ठ कृतींत गणले जाते. धर्मविचाराच्या अभ्यासकांनी मात्र त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही, कारण त्यात सिद्धांत नाहीत. भांडणे, उसनवारी, पाहुणे आणि रिकामे डबे आहेत.

पतीकडे परतल्यावर लक्ष्मीबाईंनी आरंभी आपले सोवळे कायम ठेवले. त्यांचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. ख्रिस्ती पती आणि हिंदू पत्नी एकाच छपराखाली दोन चुलींवर राहत होते. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही, ही बाब त्या काळच्या पतिपत्नीसंबंधांच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. पुढे महाबळेश्वरच्या मुक्कामात, जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने, या विचाराने त्यांना घेरले. त्याचे उत्तर मनाशी ठरल्यावर त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. हे घडले ते बाप्तिस्म्याच्या आधी. म्हणजे शिष्यत्वाची कृती प्रथम आली आणि विधी मागाहून आला. टिळकांनी पुढे सिद्धांतरूपाने जे मांडले, ते त्यांच्या घरात पत्नीच्या बाबतीत आधीच घडून गेले होते.

सहभोजनाचा प्रश्न केवळ ब्राह्मणी सोवळ्यापुरता नव्हता. महार व मांग समाजांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांतही परस्परांविषयीचे जुने अंतर बाप्तिस्म्याने आपोआप मिटले नव्हते. एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणारे लोक घरी एकमेकांच्या पंक्तीस बसतात का, ही कसोटी उपासनेपेक्षा कठीण ठरे.

टिळकांच्या घरात माणसांचा राबता मोठा होता. गरजू विद्यार्थी, पोरकी मुले, वाटसरू, कवी अशा कोणालाही तेथे जागा मिळे; पैशाचा हिशेब मात्र क्वचितच जुळे. घरी आलेल्याला देऊन टाकण्याच्या पतीच्या सवयीचा भार लक्ष्मीबाईंवर पडत असे, आणि त्यांनी तो निमूटपणे सोसला असे त्यांचे पुस्तक सांगत नाही. पतीच्या उदारपणाची थट्टा, त्याच्यावरील राग आणि आदर या तिन्ही गोष्टी तेथे शेजारीशेजारी येतात. दातृत्वाचा गौरव करणाऱ्या चरित्रांत ते दातृत्व पेलणारे माणूस बहुधा दिसत नाही. येथे तेच माणूस लेखिका आहे.

या घरात राहून गेलेल्यांत त्र्यंबक बापूजी ठोंबरे म्हणजे बालकवी (१८९०–१९१८) यांचा समावेश होतो. टिळकांनी त्यांना आश्रय दिला, लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर मुलासारखी माया केली. बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले, आणि या स्नेहात त्यामुळे काही उणे आले नाही.

दरबाराची स्थापना

१९१२ पासून टिळक 'ज्ञानोदय' या १८४२ साली सुरू झालेल्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. ख्रिस्ती मंडळीने मिशनच्या आधारावाचून उभे राहावे आणि उपासनेला देशी रूप यावे, हे त्यांचे आग्रहाचे विषय होते. कीर्तनाचा त्यांनी मोठा वापर केला. ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा अहमदनगरात त्यांच्या आधीपासून होती आणि कृष्णराव रत्नाजी सांगळे हे त्यातील प्रमुख नाव. टिळकांनी तिला काव्याची उंची दिली. मराठी ख्रिस्ती उपासनेत त्यांची गीते आजही गायली जातात.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यास घेतला आणि साताऱ्यास जाऊन देवाच्या दरबाराची स्थापना केली. भारतीय ख्रिस्ती माणसाने भगवी वस्त्रे धारण करणे नवीन नव्हते. बंगालमध्ये ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती स्वीकारली होती आणि साधू सुंदरसिंग १९०५ पासून साधूवेशात फिरत होते. टिळकांचा संन्यास मात्र गृहस्थाचा होता. लक्ष्मीबाईंपासून ते विभक्त झाले नाहीत. शास्त्रोक्त संन्यासधर्माच्या दृष्टीने ही विसंगतीच होय. टिळकांनी त्याग केला तो वेतनाचा आणि त्याबरोबर येणाऱ्या सुरक्षिततेचा. संसार त्यांच्या लेखी शिष्यत्वाच्या आड येणारी वस्तू नव्हती.

नावाची निवडही अर्थपूर्ण होती. बायबलच्या मराठी भाषांतरांत 'देवाचे राज्य' हा शब्द रूढ आहे. राज्याला सीमा असतात आणि आतला-बाहेरचा असा भेद असतो. दरबारात फिर्याद घेऊन कोणीही येऊ शकतो, राजासमोर उभा राहू शकतो. १९११ च्या दिल्ली दरबाराचे वर्णन वृत्तपत्रांतून वाचलेल्या पिढीला या शब्दातील दुसरा ध्वनीही ऐकू आला असणार.

दरबाराची कल्पना थोडक्यात अशी होती: येशूला गुरू व प्रभू मानून त्याच्या शिकवणीप्रमाणे वागू इच्छिणारा प्रत्येक जण, तो कोणत्याही जातीचा असो आणि त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, या कुटुंबाचा घटक. मनुष्यमात्राशी मैत्री आणि स्वदेशावर प्रेम ही त्याची ओळख. ख्रिस्ती होणे म्हणजे देशाला परके होणे, हा समज टिळकांना विशेष बोचत असे. त्यांच्या कवितेत ख्रिस्तभक्ती आणि देशभक्ती वेगळ्या काढता येत नाहीत.

मतभेद

बाप्तिस्मा न घेतलेल्यांना शिष्य म्हणण्यावर आक्षेप येणे स्वाभाविक होते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अखेरीस (२८:१९) शिष्य करण्याची आणि बाप्तिस्मा देण्याची आज्ञा एकाच वाक्यात आहे. प्रकट कबुलीशिवाय शिष्यत्व पुरे होत नाही, हे पारंपरिक मत तिच्यावर आधारलेले आहे. उलट बाजूने योहानकृत शुभवर्तमानातील अरिमथाईचा योसेफ याचे उदाहरण देता येते. तो भीतीमुळे गुप्तपणे शिष्य होता असे तेथे म्हटले आहे (१९:३८). तरी त्याने येशूचे शव मागून नेले. अर्थात शव मागायला जाताच त्याचे गुप्त शिष्यत्वही उघड झाले, त्यामुळे हे उदाहरण दोन्ही पक्षांना उपयोगी पडते.

अधिक गंभीर आक्षेप सामाजिक स्वरूपाचा आहे. बाप्तिस्म्यावाचून शिष्य होण्याची सवलत कोणाच्या सोयीची? उच्चवर्णीय भक्ताला जात, वारसा आणि प्रतिष्ठा राखून ख्रिस्ताची भक्ती करता येईल. महार-मांग समाजातील ख्रिस्ती माणसाने मात्र बाप्तिस्म्यातच माणूसपणाची जाहीर नोंद शोधली होती. ती नोंद गौण ठरवणे त्याला रुचेलच असे नाही. या आक्षेपाला दरबाराकडे पूर्ण उत्तर होते असे म्हणता येत नाही. जातिभेद न मानण्याचे तत्त्व त्यात होते, परंतु ते प्रत्यक्षात कितपत उतरते हे पाहण्याइतका अवधीच मंडळाला लाभला नाही.

टिळकांच्या निधनानंतर

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार पार्थिवावर अग्निसंस्कार करण्यात आला. दफनाची प्रथा पाळणाऱ्या तत्कालीन ख्रिस्ती समाजात ही गोष्ट विरळा होती. देवाचा दरबार संस्थापकाच्या व्यक्तिमत्त्वावर उभा होता. त्याची स्थिर व्यवस्था निर्माण झालेली नव्हती आणि त्यामुळे तो संस्थारूपाने टिकला नाही. टिळकांचे अपूर्ण राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे लिहून पूर्ण केले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

अहमदनगर येथे काम करणारे अँग्लिकन धर्मगुरू जे. सी. विन्स्लो यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले व ते १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्या वर्षी विन्स्लो यांनी अहमदनगरातच ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली होती. खादी, साधे अन्न, भारतीय व युरोपीय सदस्यांचे एकत्र राहणे ही या संघाच्या जीवनाची वैशिष्ट्ये होती. पुढे त्याचा आश्रम पुण्यात आला. मध्य भारतातील आदिवासींचे अभ्यासक म्हणून नंतर प्रसिद्धीस आलेले व्हेरिअर एल्विन १९२७ मध्ये भारतात आले ते याच संघाचे सदस्य म्हणून.