मोटरची दुर्बीण तुर्भ्यात

तुर्भ्यात मोठी दुर्बीण घ्यायची म्हटली की पहिला टोमणा ठरलेला: एपीएमसीचे दिवे, एमआयडीसीची धूळ, इथे काय दिसणार? हे अर्धंच खरं. देवयानी दीर्घिकेसारख्या अंधुक गोष्टी उजळलेल्या आकाशात विरतात आणि मोठा आरसा आकाशाचा उजेडही गोळा करतो. पण चंद्र, गुरूचे पट्टे, शनीची कडी, जोडतारे रस्त्यावरच्या दिव्यांना दाद देत नाहीत.

मोठी दुर्बीण म्हणजे घुमट, हा समज जॉन डॉब्सन यांनी मोडला. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीतले हे संन्यासी. 1967 साली ते मठाबाहेर पडले आणि प्लायवूडच्या साध्या बैठकीवरच्या मोठ्या दुर्बिणी फुटपाथवर मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवू लागले. आजच्या मोटरवाल्या ‘डॉब’चा पाया तोच.

मोटरबद्दल मात्र घोळ फार. ती असली की दुर्बीण ग्रह-तारे आपणच शोधते, असं अनेकांना वाटतं. शोधणं आणि धरून ठेवणं ही दोन वेगळी कामं. आकाश तासाला 15 अंश सरकतं. 200 पट मोठं दाखवणाऱ्या साध्या आयपीसमध्ये गुरू जेमतेम मिनिटभर टिकतो. तो तिथेच ठेवणं हे ट्रॅकिंगचं काम. शोधणारी ‘गो-टू’ यंत्रणा निराळी, आणि तिलाही बहुधा आधी दोन ओळखीचे तारे दाखवावे लागतात. म्हणजे काही तारे तरी तुम्हाला ओळखता आलेले बरे.

‘ध्रुवतारा दिसला नाही तर ट्रॅकिंग नाही’ हाही असाच समज. तुर्भ्यातून ध्रुव क्षितिजावर फक्त 19 अंश, म्हणजे बहुतेक इमारतींच्या आड. ध्रुवाच्या दिशेने लावाव्या लागणाऱ्या विषुववृत्तीय माउंटला, म्हणजे बैठकीला, त्याची अडचण होते. डॉबची मोटर आडवी-उभी फिरते, तिला कोणतेही दोन तेजस्वी तारे चालतात.

तिची खरी अडचण डोक्यावर आहे आणि ती विक्रेता सहसा सांगत नाही. स्वाती ताऱ्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर, जवळजवळ आपल्या अक्षांशाइतकीच. मेच्या मध्यावर रात्री साडेअकराच्या सुमारास ती तुर्भ्याच्या माथ्यावरून जाते, तेव्हा आडव्या मोटरला क्षणात अर्धं वर्तुळ फिरावं लागतं आणि तारा निसटतो. शिवाय अशा माउंटवर चित्र हळूहळू गोल फिरतं. चंद्र-ग्रहांच्या झटपट फोटोंना त्याने बिघडत नाही. तेजोमेघाचं लांबलचक एक्स्पोजर मात्र फसतं.

मोटरपलीकडची एक अडचण हवेची: एसीतून थेट गच्चीवर नेलेल्या आरशावर दमट हवेत वाफ धरते, म्हणून पाहण्याआधी काही वेळ तो बाहेर ठेवा.

राहिला ‘पोर्टेबल’ हा दावा. बारा इंची मोटरवाला डॉब चाळीस किलोच्या घरात जातो. ठाण्याला गाडी बदलून कर्जत लोकलने खगोल मंडळ या संस्थेच्या वांगणीच्या आकाशदर्शनाला जाता येतं, पण हे धूड घेऊन नव्हे. त्याला कार लागते. घ्यायच्या आधी तिची डिकी आणि सोसायटीची लिफ्ट मोजा.