व्यवसायाचे नाडीपरीक्षण

रुग्णाची नाडी आपण प्रत्येक भेटीत पाहतो. स्वतःच्या व्यवसायाची मात्र क्वचितच.

या संदर्भात विको लॅबोरेटरीजचे उदाहरण बोधप्रद आहे. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत दंतमंजनापासून प्रारंभ केला. पांढऱ्या स्नोच्या जमान्यात पुढे हळदीचे पिवळे क्रीम आले. ही उत्पादने औषध की प्रसाधन, यावर अबकारी खात्याशी दीर्घकाळ वाद चालला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला. उत्पादने वाढली, तरी ‘आयुर्वेदीय औषध’ ही ओळख सोडली नाही. कराचा भार तिच्यावरच अवलंबून होता.

भंडारा, तुमसर, साकोली येथील वैद्यबंधूंपुढील प्रश्न लहान, पण याच जातीचा आहे. २००० साली अधिसूचित ‘शेड्यूल टी’नुसार विक्रीसाठी औषधे बनविणाऱ्यास जागा, यंत्रसामग्री व गुणवत्तेचे निकष पाळावे लागतात, केवळ स्वतःच्या रुग्णांसाठी औषध सिद्ध करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यास त्यातून सूट आहे. तेव्हा चिकित्सक राहावयाचे की निर्माता व्हावयाचे, हे कर्ज काढण्यापूर्वीच ठरवावे.

निर्णयानंतर दर तिमाहीस चार नोंदी ठेवाव्यात : नवे रुग्ण, पुन्हा आलेले रुग्ण, औषधखर्च आणि थकलेली उधारी. आपला जिल्हा धानाचा. रोवणीच्या दिवसांत शेतकऱ्याचा हात रिकामा असतो, धान विकल्यावर पैसा येतो. म्हणून तुलना मागील तिमाहीशी नव्हे, तर गतवर्षीच्या त्याच तिमाहीशी करावी. ऋतुचर्या जाणणाऱ्यास हे वेगळे सांगणे नलगे.