लेखाविना उरलेले प्रत्यय

जिनें चाळावयाचें ती चाळणी, ज्यानें लाटावयाचें तें लाटणें. धातूस प्रत्यय जोडून साधनाचें नांव बनविण्याची ही रीति आपल्या स्वयंपाकघरांतच आहे. रशियन, पोलिश, चेक, बल्गेरियन इत्यादि स्लाव्ह भाषा ज्या एका मूळ भाषेपासून निघाल्या, तिच्यांतहि असाच एक प्रत्यय होता. परंतु त्या भाषेंतील एकहि लेख उपलब्ध नाहीं. मग हा प्रत्यय कळला कसा?

चांभाराच्या आरीस चेक लोक 'शीद्लो' म्हणतात, पोलिश 'शिद्वो' (त्यांच्या उच्चारांत येथील 'ल'चा 'व' झाला आहे), तर रशियन व बल्गेरियन 'शिलो'. हा भेद एकट्या आरीचा असता तर तो योगायोग म्हणतां आला असता. पण जमीन उकरणाऱ्या जुन्या लांकडी नांगरास चेक 'राद्लो' व रशियन 'रालो'. साबणास चेक 'मीद्लो' व रशियन 'मिलो'. जेथें जेथें चेक व पोलिश भाषांनीं 'द' राखला, तेथें तेथें रशियनने तो टाकला. यावरून मूळ प्रत्यय 'द्लो' ठरतो. अशा अनुमानित रूपाच्या आरंभीं विद्वान एक तारका काढतात. 'हें कोठेंहि लिहिलेलें सांपडलेलें नाहीं,' अशी ती प्रामाणिक कबुली होय. आरीच्या नांवांतील 'शि' हा तर आपल्या 'शिवणें' या क्रियापदाचाच दूरचा आप्त आहे.

दुसरे कांहीं प्रत्यय आपणांस याहूनहि ओळखीचे वाटतील. रशियन 'नगोता' म्हणजे नग्नता. त्यांतील 'ता' व आपला 'ता' मुळांत एकच. मरणवाचक 'स्म्येर्त' या शब्दाच्या अंतीं संस्कृत 'मृति' मधील 'ति' आहे. पण रशियन मनुष्यास तो आतां दिसत नाहीं, जसें 'गति' म्हणतांना आपणांस गम् धातु आठवत नाहीं.

कर्तृवाचक 'तेल' विषयीं मात्र सावध राहिलें पाहिजे. 'उचितेल' म्हणजे शिक्षक, 'स्पासितेल' म्हणजे तारणारा. इ. स. ८६३ मध्यें सिरिल व मेथोडियस हे बंधु मोराव्हियांत गेले. त्यांनीं व त्यांच्या शिष्यांनीं शुभवर्तमानें स्लाव्ह भाषेंत आणिलीं, आणि त्या ग्रंथांबरोबर असे अनेक शब्द देशोदेशीं गेले. प्रत्यय जुनाच, पण त्यानें साधलेला शब्द चार भाषांत आढळला म्हणून तो शब्दहि मूळ भाषेंतला, असें म्हणतां येत नाहीं. आरीची साक्ष अधिक भरंवशाची, कारण ती कोणत्याहि ग्रंथाबरोबर फिरली नाहीं.