मुंग्या पुसताना दृश्य कसे जपायचे?

माझ्या एका शिक्षक मित्राने शाळेच्या कपाटातली प्रयोगांची जुनी व्हिडिओ कॅसेट संगणकावर उतरवून घेतली आणि मला आणून दिली. चित्रात इतक्या मुंग्या होत्या की लंबकाचा गोळा कोठे आहे हेच मुलांना नीट दिसेना. मग आंदोलने मोजणार कशी?

या मुंग्या म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या दृष्टीने चित्राची प्रत्येक चौकट म्हणजे बिंदूंचे कोष्टक. बिंदूची उजळता 0 (काळा) ते 255 (पांढरा) अशा आकड्यांत लिहिलेली असते. समजा, भिंतीवरील एका बिंदूची खरी उजळता 100 आहे, पण लागोपाठच्या पाच चौकटींत ती 98, 103, 100, 96, 103 अशी नोंदली गेली. हा चढउतार म्हणजेच मुंग्या. पाचांची सरासरी काढा: बरोबर 100! (उदाहरण अर्थातच सोयीचे घेतले आहे.) प्रयोगशाळेत आपण एकच मोजमाप अनेकदा घेतो, तीच ही युक्ती. चुका यादृच्छिक असतील तर नऊ चौकटींच्या सरासरीत त्या 9 च्या वर्गमुळाने भागल्या जातात, म्हणजे एक तृतीयांश उरतात.

मात्र यात एक गृहीत दडलेले आहे. दरवेळी आपण तीच वस्तू मोजत असलो पाहिजे. पहिल्या प्रयत्नात मी नेमके हेच विसरलो. कॅसेटमध्ये सरांचा चेहरा जाऊन लगेच मेणबत्ती येते. त्या सांध्यावर सरांच्या कपाळातच ज्योत पेटलेली दिसू लागली! 98, 103, 100 नंतर 200, 199 आले तर सरासरी 140 येते. ही उजळता ना कपाळाची, ना ज्योतीची.

तेव्हा दृश्य बदलले हे संगणकाला ओळखता आले पाहिजे. त्यासाठी दोन चौकटींतील जागच्या जागच्या बिंदूंचा फरक काढायचा, चिन्ह सोडून द्यायचे आणि सर्व फरकांची सरासरी घ्यायची. चिन्ह का सोडायचे, हे विद्यार्थ्यांना जरूर विचारावे. नुसत्या मुंग्यांमुळे ही सरासरी तीन-चार आली आणि दृश्य बदलल्यावर तीस-चाळीस, तर मधली 15 ही मर्यादा ठेवता येते. फरक त्याहून मोठा असेल तर पलीकडच्या चौकटी सरासरीत घ्यायच्या नाहीत. सांध्यालगत त्यामुळे मुंग्या थोड्या जास्त उरतात, पण नवे दृश्य पाहण्यात गुंतलेल्या डोळ्याला त्या जाणवत नाहीत.

‘अ‍ॅव्हीसिंथ’ या मोफत प्रणालीत हे सर्व एका ओळीच्या आज्ञेने होते: टेम्पोरलसॉफन(4, 4, 8, 15, 2). पहिला 4 म्हणजे मागच्या चार आणि पुढच्या चार चौकटी, तर 15 ही दृश्यबदलाची मर्यादा. मूळ फाइलला धक्का लागत नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

मग दुसरा 4 कशासाठी? तो आपल्या लंबकासाठी! गोळा चित्राचा जेमतेम शंभरावा भाग व्यापतो. तो सरकला की जुन्या व नव्या जागेचे बिंदू मिळून दोन टक्के बिंदू बदलतात. त्यांचा फरक 100 असला तरी संपूर्ण चौकटीच्या सरासरीत केवळ 2 ची भर पडते. दृश्यबदलाच्या कसोटीला याचा पत्ताच लागत नाही आणि गोळ्याचा धूसर पट्टा होतो. म्हणून प्रत्येक बिंदूला त्याची स्वतःची मर्यादा लागते. फरक 4 हून जास्त असेल तर तो आकडा सरासरीत धरायचा नाही. (त्यापुढचा 8 हा रंगासाठी.) ही मर्यादा फार लहान ठेवली तर मुंग्या तशाच राहतात, फार मोठी ठेवली तर गोळा पुसतो. आमच्या कॅसेटला 8 मानवली.

एक दृश्य हळूहळू दुसऱ्यात विरघळते तेव्हा काय होईल, अशी मला धास्ती होती. तिथे फरक मर्यादा ओलांडत नाही. पण 60, 62, 64, 66, 68 यांची सरासरी पाहा: मधला 64 च! समान वाढीत सरासरीमुळे बिघडत नाही.

खरी अडचण अंधारात आली. मेणबत्तीच्या प्रयोगात खोली काळोखी होती. एक अंधारे दृश्य जाऊन दुसरे आले तरी फरक जेमतेम 8 भरला, आणि आधीच्या दृश्याची पुसट छाया राहिली. सगळीकडे मर्यादा उतरवली असती तर लख्ख उजेडातला हलता हातसुद्धा दृश्यबदल ठरला असता. शेवटी तेवढ्या चौकटी वेगळ्या काढल्या, त्यांना 6 ची मर्यादा लावली आणि पुन्हा जागेवर जोडल्या.