कुठेच न जाणारी वाट

घरी केलेल्या पीसीबीवर तांब्याची एक पट्टी आहे, २३ मिलिमीटर लांब. एक टोक मुख्य ट्रॅकला चिकटलेलं, दुसरं उघडं, कशालाच न जोडलेलं. मल्टिमीटर लावला तर तिचा मागच्या बाजूच्या तांब्याशी काही संबंध नाही. तरीही १८०० मेगाहर्ट्झची लहर तिच्या तोंडाशी आली की तिथं शॉर्ट झाल्यासारखी विझते!

लहर पट्टीत शिरते, उघड्या टोकावर आपटून परतते. पाव तरंगलांबी जाताना, पाव येताना. परतेपर्यंत ती नव्यानं येणाऱ्या लहरीच्या बरोबर उलटी झालेली असते आणि दोघींची बेरीज होते शून्य. हवेत या लहरीची तरंगलांबी साधारण १६.७ सेंटीमीटर. काच-इपॉक्सीच्या बोर्डावर लहर मंदावते, म्हणून तिथं ९ सेंटीमीटरच्या आसपासच उरते. त्याचा पाव भाग म्हणजे आपली पट्टी. इथं तांब्याचा आकार हाच सुटा भाग. बाजारातून काही आणायचं नाही.

हा खटाटोप धाराशिवच्या गच्चीवरून आकाशगंगेतला हायड्रोजन ऐकण्यासाठी. तो १४२० मेगाहर्ट्झवर, म्हणजे २१ सेंटीमीटरच्या लहरीवर, अखंड पुटपुटत असतो. गोविंद स्वरूप यांनी नारायणगावजवळ खोडदला उभारलेली ४५ मीटरच्या ३० तबकड्यांची दुर्बीण हीच लहर फार दुरून टिपते. एका दीर्घिकेतून निघालेली लहर तिथं पोहोचेपर्यंत विश्वाच्या प्रसरणानं ताणून ४८ सेंटीमीटरची झाली होती. आपल्या गच्चीवरच्या छोट्या अँटेनाला एवढी झेप नाही, पण आकाशगंगा तिच्या आवाक्यात आहे. अडथळा मोबाइल टॉवरच्या गलक्याचा, आणि त्यासाठीच ती पट्टी.

बोर्ड दोन्ही बाजूंनी तांब्याचा घ्यायचा. लेझर प्रिंटरनं गुळगुळीत कागदावर उलटं चित्र काढायचं, इस्त्रीनं टोनर तांब्यावर उतरवायचा, मागची बाजू चिकटपट्टीनं झाकायची आणि बोर्ड प्लॅस्टिकच्या डब्यात फेरिक क्लोराइडमध्ये हलवत राहायचं. हातमोजे हवेतच, आणि उरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. उघडं तांबं विरघळतं, टोनरखालचं राहतं. राहिलेला थर जेमतेम ३५ मायक्रॉनचा असतो. त्यातही या लहरींचा प्रवाह बहुतांशी पृष्ठभागालगतच्या दोन-तीन मायक्रॉनमधून धावतो, म्हणून खरवडलेली कडा इथं खरोखर नडते.

पट्टी मुद्दाम जरा लांब ठेवावी. मग ब्लेडनं एक मिलिमीटर कापला की विझणारी लहर ऐंशीएक मेगाहर्ट्झनं वर सरकते.