पहिलं इंजिन कोणतं?

खोलीच्या एका कोपऱ्यात फळी टाकून तिच्यावर रूळ, स्टेशन, सिग्नल, बोगदा असं अख्खं जग उभं करणाऱ्या हौशी मंडळींना येत्या वर्षाकडून काय हवं, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच असतं: नवं इंजिन. ब्रिटनमध्ये तर या इच्छेची रीतसर नोंद होते. कोणत्या इंजिनाचं तयार मॉडेल अजून निघालेलं नाही आणि कोणतं निघायला हवं, यावर तिथले हौशी लोक वर्षानुवर्षं मतदान घेत आले आहेत आणि उत्पादकांचंही त्या याद्यांकडे लक्ष असतं. आपल्याकडे मतदान होत नसलं तरी यादी तयारच आहे. डब्ल्यूडीएम-२ हवं, घाटातलं ‘खेकडा’ हवं, डेक्कन क्वीनला लागणारी जुनी विजेची इंजिनं हवीत, वाफेचं डब्ल्यूपी हवं, आणि नव्या पिढीला डब्ल्यूएपी-७ हवं. यांतल्या एखाद्याचं प्रमाणबद्ध, नीट रंगवलेलं मॉडेल दुकानातून आणावं आणि सरळ रुळावर ठेवावं, हे मात्र युरोप-अमेरिकेत जितकं सहज घडतं तितकं इथे घडत नाही. बाजार लहान आहे, लोक पैसे खर्च करत नाहीत, आपला ब्रॉडगेज जगावेगळा आहे, अशी कारणं सांगितली जातात. ती खोटी नाहीत, पण खरी अडचण त्यांच्या आधीची आहे. आपल्या हौशी समाजाने अजून एक मोजमाप ठरवलेलं नाही आणि त्या मोजमापात सगळ्यांत आधी कोणतं इंजिन यावं यावरही त्याचं एकमत नाही. या दोन गोष्टी ठरल्या तर बाकीच्या अडचणींवर उपाय आहेत.

मोजमापाचं गणित थोडं समजून घ्यायला हवं. जगात सर्वांत जास्त चालणारं मोजमाप एचओ, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतकं. यात रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिलिमीटर असतं. खऱ्या स्टँडर्ड गेजला, १४३५ मिलिमीटरला, ८७ ने भागलं की हाच आकडा येतो, त्यामुळे युरोप आणि अमेरिकेचं काम तंतोतंत जमतं. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागलं की १९.२६ येतात. म्हणजे एचओ रुळावर ठेवलेलं भारतीय इंजिन खऱ्यापेक्षा सुमारे १४ टक्के अरुंद रुळावर उभं राहतं. आक्षेपाची सुरुवात इथूनच होते: रूळच चुकीचा असेल तर हुबेहूबपणाचा आग्रह कशाला? रुंद रुळावर ऐसपैस बसलेली गाडी ही भारतीय रेल्वेची ओळख आहे, तेव्हा हा आक्षेप क्षुल्लक म्हणून उडवून लावता येणार नाही. पण इतर देशांनी या प्रश्नाचं काय केलं ते बघितलं की त्याची धार बोथट होते.

ब्रिटनची गोष्ट सगळ्यांत बोलकी आहे. तिथले रूळ स्टँडर्ड गेजचेच, त्यामुळे एचओ चालायला हरकत नव्हती. पण ब्रिटिश गाड्या युरोपातल्या गाड्यांपेक्षा अंगाने बारीक असतात आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या विजेच्या मोटारी त्या बारीक अंगात मावत नव्हत्या. मग तिथल्या उत्पादकांनी रूळ एचओचाच ठेवला आणि वरची गाडी थोडी फुगवून एक-शहात्तरांश केली. हेच डबल-ओ मोजमाप. मेकॅनो कंपनीने १९३८ मध्ये ‘हॉर्नबी डब्लो’ याच मोजमापात आणलं आणि ते पक्कं झालं. त्या हिशोबाने रूळ १८.८३ मिलिमीटर असायला हवा होता, तो १६.५ चाच राहिला, म्हणजे १२ टक्के अरुंद. पुढे मोटारी लहान झाल्या, मूळ कारण उरलं नाही, पण मोजमाप बदललं नाही, कारण तोवर घराघरांत त्याचे रूळ, डबे आणि इमारती होत्या. ज्यांना ही चूक सहन होत नव्हती त्यांनी १८.२ आणि १८.८३ मिलिमीटरचे स्वतंत्र पंथ काढले. त्यांची कारागिरी अप्रतिम आहे, पण मूठभरांची. कारखान्यातून निघणारी इंजिनं डबल-ओमध्येच निघतात आणि हे चोखंदळ लोकही बहुधा त्यांचीच चाकं बदलून घेतात.

जपानची तऱ्हा उलटी. तिथली जुनी रेल्वे १०६७ मिलिमीटरच्या अरुंद गेजची. जपानी हौशींनी खऱ्याच्या ऐंशीव्या भागाइतकी गाडी त्याच १६.५ मिलिमीटर रुळावर बसवली, तेव्हा रूळ खऱ्यापेक्षा जवळजवळ २४ टक्के रुंद झाला. पुढे लहान घरांची गरज ओळखून कातो कंपनीने १९६५ मध्ये ९ मिलिमीटर रुळाचं एन गेज तिथे आणलं. त्यातही अरुंद गेजच्या गाड्या खऱ्याच्या दीडशेव्या भागाइतक्या केल्या, म्हणजे रूळ पुन्हा रुंदच. आज जपानच्या दुकानांत मिळणाऱ्या इंजिनांचा आणि डब्यांचा संग्रह पाहिला तर या चुकीने कुणाचं काय बिघडवलं, हे सांगता येत नाही.

पण आपल्याला सर्वांत जवळचा दाखला आयर्लंडचा. तिथे १६०० मिलिमीटरचा ब्रॉडगेज आहे, आपल्यासारखाच जगाच्या रीतीबाहेरचा. संपूर्ण बेटाची लोकसंख्या सत्तर लाखांच्या आसपास, मुंबईच्या लोकलमधून दिवसभरात प्रवास करणाऱ्यांच्या संख्येशी तुलना करावी इतकी. बाजार लहान असण्याचं कारण कुणी सांगावं तर आयरिश माणसाने. डबल-ओ मोजमापात त्यांचा रूळ २१ मिलिमीटर हवा, ते १६.५ वर भागवतात. २१ टक्क्यांची ही तफावत एचओमधल्या भारतीय तफावतीच्या दीडपट आहे. तरीही आधी मर्फी मॉडेल्सने आणि नंतर आयरिश रेल्वे मॉडेल्सने तिथल्या डिझेल इंजिनांची उत्तम मॉडेलं काढली. या दुसऱ्या कंपनीची सुरुवात बघण्यासारखी आहे. तिने पहिल्याच फटक्यात मोठं इंजिन काढलं नाही. आधी मालगाडीचे वॅगन काढले, जे एकेका ग्राहकाला अर्धा डझन लागतात, आणि गाडी नीट रुळावर आल्यावर इंजिनाकडे वळली. त्याच मंडळींनी ॲक्युरास्केल या नावाने ब्रिटनच्या बाजारातही जम बसवला.

मग भारताने एक-शंभरांश हे मोजमाप का घेऊ नये, असा मुद्दा काही जाणकार मांडतात, आणि तो विचार करण्याजोगा आहे. १६.५ ला १०० ने गुणलं की १६५० येतात, आपल्या १६७६ च्या अगदी जवळ. चूक दोन टक्क्यांहूनही कमी. शिवाय वास्तुरचनाकारांच्या मॉडेलांत हे मोजमाप चालतं, म्हणून झाडं आणि माणसं मिळतात. बावीस मीटरचा आयसीएफ डबा एचओमध्ये सव्वापंचवीस सेंटिमीटर होतो, इथे बावीसच. दोन खोल्यांच्या घरात हा फरक जाणवतो. इतकं असूनही माझं मत एचओच्या बाजूनेच आहे. एक-शंभरांश घेतलं तर झाडं-माणसं सोडता शेजारी उभं करायला दुसऱ्या कुणाचं काहीच मिळणार नाही. बोग्या, कपलर, सिग्नल, मोटारी, गाड्या, घरं सगळं स्वतः काढावं लागेल, आणि पहिल्या इंजिनाला इतका भार झेपणार नाही. एचओमध्ये अर्धं सामान जगात तयार आहे. ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज एचओमध्ये ९ मिलिमीटरच्या रुळावर जवळजवळ अचूक बसतो आणि मीटरगेज १२ च्या रुळावर, ही वरकड कमाई. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे येणाऱ्या मुलांची पावलं खिळवून ठेवतं ते सिग्नल, पूल, रस्ते, गाड्या यांचं एकमेकांशी जुळलेलं जग. रुळाचे तीन मिलिमीटर कुणी मोजत बसत नाही.

आता पहिलं इंजिन कोणतं. मराठी माणसाच्या यादीत खेकडा बहुतेक वर असणार आणि त्याचं कारण उघड आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घाटासाठी मागवलेली ही मालगाडीची विजेची इंजिनं १९२८ पासून आली. काही स्वित्झर्लंडच्या विंटरथुरहून, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतून, मिळून ४१. मध्ये खोली, दोन्ही बाजूंना लांब नाकं, चाकांना जोडणारे दांडे, आणि वळणावर तिन्ही भाग स्वतंत्र वळत जाणारं अंग. स्वित्झर्लंडने अशा ठेवणीच्या आपल्या इंजिनाला मगर म्हटलं. आपल्याकडे खेकडा हे नाव पडलं. मेर्कलिन कंपनीने १९३० च्या दशकातच स्विस मगरीचं मॉडेल काढलं आणि आजही संग्राहक त्यावर जीव टाकतात. तेव्हा खेकडाही विकला जाईल, असं वाटणं साहजिक आहे. पण हिशोब मांडला तर पहिलं इंजिन म्हणून तो चुकीचा ठरतो. प्लास्टिकच्या मॉडेलमध्ये मोठा खर्च पोलादी साच्यांचा असतो. साचे एकदाच बनतात, नंतर प्रत्येक प्रतीचा खर्च त्या मानाने किरकोळ असतो, म्हणून साच्याची किंमत जितक्या जास्त प्रतींवर पसरेल तितकं मॉडेल स्वस्त. खेकड्याचं अंग तीन भागांचं, दांडे आणि खिळे हाताने जुळवायचे, त्यामुळे प्रत्येक प्रतीचीही मजुरी जास्त. तो धावला फक्त मुंबईच्या आसपासच्या १५०० व्होल्टच्या भागात, आणि एका माणसाला तो एक किंवा फार तर दोन लागतो. चेन्नईच्या किंवा गुवाहाटीच्या हौशीला त्याच्याशी काय देणंघेणं?

डब्ल्यूडीएम-२ ची गोष्ट याच्या अगदी विरुद्ध आहे. अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या आराखड्यावरून आलेलं हे २६०० अश्वशक्तीचं इंजिन. पहिली १९६२ मध्ये आयात झाली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. १९९८ पर्यंत अडीच हजारांहून जास्त निघाली. देशातला क्वचितच एखादा ब्रॉडगेज मार्ग असेल जिथे ‘अल्को’ पोचलं नाही. पुण्याहून मिरज-कोल्हापूरकडे ते गेलं, आणि कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाली तेव्हापासून विजेचं काम पूर्ण होईपर्यंतच्या जवळजवळ पाव शतकात पनवेल ते गोव्यापुढे जी डिझेल इंजिनं धावली, त्यांत या घराण्याचा वाटा मोठा होता. उत्पादकाच्या दृष्टीने मोलाची बाब वेगळीच: प्रत्येक लोकोशेडने आपल्या इंजिनांना आपापले रंग दिले. पुणे, कल्याण, गुत्ती, इरोड, गोल्डन रॉक, इटारसी, एकच साचा आणि रंगांच्या डझनावारी तऱ्हा. जो हौशी खेकडा एक घेईल तो अल्को चार घेईल, कारण दोन जोडून लावली की मालगाडी खरी वाटते. आखूड हूडच्या मोठ्या खिडक्यांचं ‘जम्बो’ आणि पुढचं ३१०० अश्वशक्तीचं डब्ल्यूडीएम-३ए हे साच्याचे थोडे भाग बदलून निघू शकतात. तीन आसांची असमान अंतराची ट्रायमाउंट बोगी अमेरिकी अल्को मॉडेलांत परिचयाची आहे आणि त्या घराण्याच्या २५१ इंजिनाचा तो थांबून थांबून धडधडणारा आवाज डिजिटल डिकोडरांसाठी नोंदवलेला आहे. म्हणजे कामाचा बराच भाग आधीच झालेला आहे.

किंमत परवडणार नाही, हा आक्षेप सर्वांत जड आहे. ब्रिटनमध्ये चांगल्या इंजिनाला साधारण दीडशे ते दोनशे पौंड पडतात, आवाजासकट आणखी जास्त. रुपयांत हा आकडा बहुतेक घरांत अशक्य वाटतो. आयात हा उपाय नाही. सीमाशुल्काच्या वर्गवारीत प्रमाणबद्ध मॉडेल खेळण्यांच्याच रांगेत बसतं आणि खेळण्यांवरचं शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर, २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं. पण हेच शुल्क इथे बनवणाऱ्याच्या पथ्यावर पडतं. साचे आणि प्लास्टिकच्या कामात पुणे, नाशिक, मुंबई परिसर नवखा नाही. मोटारगाड्यांचे भाग याहून कठीण मोजमापात रोज निघतात. ग्राहक किती, हे आधी कळावं म्हणून आगाऊ नोंदणीची पद्धत आहे. ती जपून वापरावी लागते, कारण परदेशात लोकांचे पैसे आगाऊ घेऊन मॉडेल न निघाल्याचेही प्रसंग घडले आहेत. म्हणून नोंदणी घ्यावी, पैसे मात्र नमुना हातात दिसल्यावर. आणि एका वेळी एकच साचा. ब्रिटनमध्ये ‘टेरियर’ या इवल्याशा टाकीच्या इंजिनाची दोन वेगवेगळी मॉडेलं २०१९ च्या सुमारास एकदमच बाजारात आली. तिथला बाजार ते पचवू शकतो. आपल्याकडे दोन अल्को एकदम निघाली तर दोघांचेही साचे वसूल होणार नाहीत.

त्रिमिती छपाई आल्यावर कारखाना हवाच कशाला, असंही म्हटलं जातं. इथल्या हौशींनी घरच्या छपाईयंत्रावर भारतीय इंजिनांची अंगं काढून परदेशी चेसिसवर चढवली आहेत, आणि ती मेहनत बघून मान लवते. पण छापलेल्या थरांच्या रेषा घासाव्या लागतात, जाळ्या आणि हँडरेल जाड होतात, रंग स्वतः द्यावा लागतो. हे कौशल्य ज्याला नाही, किंवा ज्याचं वय दहा वर्षं आहे, त्याच्यासाठी दुकानातलं खोकंच हवं. छपाईचा खरा उपयोग वेगळा आहे: साचा कापण्याआधी अंग छापून दहा जाणकारांच्या हाती द्यायचं आणि चुका काढून घ्यायच्या.

मोजमापं घेण्याचं काम मात्र थांबवून चालणार नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या साथीने कॅनडाच्या रॅपिडो कंपनीने झुकून धावणाऱ्या एपीटी-ई गाडीचं मॉडेल काढलं, तेव्हा शिल्डनला ठेवलेल्या मूळ गाडीचं लेसर किरणांनी मापन केलं होतं. विद्युतीकरणामुळे आपली अल्को इंजिनं झपाट्याने भंगारात चालली आहेत आणि शेडचे रंग तर भंगाराच्याही आधी, नव्या हाताखाली जातात. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी शेडच्या परवानगीने एका इंजिनाचं असं मापन केलं तर साच्याचा पहिला आराखडा तिथेच तयार होईल. खेकड्यासाठी इतकी घाई नाही. एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे आणि एक वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात. अल्कोच्या चौथ्या-पाचव्या रंगाचे पैसे वसूल झाले की फीत आणि कॅमेरा घेऊन वरळीला जाता येईल.