रक्ताच्या अहवालामागील धारिका : जनुकाचे वाचन कसे होते?

सिकलसेलची पिवळी अथवा लाल पत्रिका भंडारा जिल्ह्यातील अनेक घरांत जपून ठेवलेली असते. पिवळी वाहकाची, लाल रुग्णाची. ही पत्रिका विद्राव्यता चाचणी व त्यानंतर होणारे हिमोग्लोबिनचे पृथक्करण यांवरून दिली जाते आणि बहुसंख्य कुटुंबांना तेवढे निदान पुरते. परंतु मुलास नुकतेच रक्त चढविले असल्यास दात्याचे हिमोग्लोबिन त्यात मिसळते. कधी मुलाचा व आईवडिलांचा अहवाल एकमेकांशी जुळत नाही. अशा वेळी नमुना जनुकीय तपासणीसाठी मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. तेथून अहवालासोबत एक संगणकीय धारिकाही मिळू शकते. ती वाचण्याच्या प्रशिक्षणावर संस्थेने खर्च का करावा, असा रास्त प्रश्न काही देणगीदारांनी विचारला आहे. त्याचे हे उत्तर.

सिकलसेलचे मूळ अकराव्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिन या जनुकातील एका अक्षरात आहे. तेथे 'ए'च्या जागी 'टी' आल्याने प्रथिनातील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते व तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. मानवी जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. यंत्र ती सलग वाचीत नाही. साधारणतः दीडशे अक्षरांचे असंख्य तुकडे वाचते. मग प्रत्येक तुकडा प्रमाण जनुकसंचाशी ताडून त्याची जागा ठरविली जाते. तुकडा कोणता, कोणत्या गुणसूत्रावर, कितव्या अक्षरापासून आणि ती जागा कितपत खात्रीची, ही सर्व नोंद ज्या धारिकेत असते तिचा 'सॅम' हा नमुना २००९ साली प्रसिद्ध झाला. त्याचेच आटोपशीर रूप म्हणजे 'बॅम'. संपूर्ण जनुकसंचाची अशी धारिका कित्येक गिगाबाइटची असते. ती डोळ्यांनी वाचणे शक्य नाही. त्यासाठी पायथन या संगणकीय भाषेतील 'पायसॅम' हा आज्ञावलींचा तयार संच वापरता येतो. तो विनामूल्य आहे. खर्च होतो तो वाचणारा माणूस घडविण्यावर.

कारण येथे चूक होण्यास फार वाव आहे. जमिनींचे एकत्रीकरण झाल्यावर जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. शेत तेच, क्रमांक बदलला. प्रमाण जनुकसंचाचेही तसेच आहे. सिकलसेलचे अक्षर त्याच्या ३७व्या आवृत्तीत ५२,४८,२३२ या स्थानी, तर ३८व्या आवृत्तीत ५२,२७,००२ या स्थानी आहे. धारिका कोणत्या आवृत्तीवर बेतली आहे हे प्रथम पाहावे लागते. शिवाय सॅमच्या मजकुरात मोजणी एकापासून होते, पायसॅममध्ये शून्यापासून. म्हणून तेथे ५२,२७,००१ मागावे लागते. हे विसरल्यास शेजारचे अक्षर हाती येते. ते रुग्णातही निरोगी माणसासारखेच असते आणि आजार नाही असा निष्कर्ष निघू शकतो! आणखी एक गोष्ट, हे जनुक उलट्या धाग्यावर लिहिलेले आहे. त्यामुळे 'ए'चा 'टी' झालेला बदल धारिकेत 'टी'चा 'ए' असा दिसतो.

नेमक्या स्थानी पोहोचल्यावर तेथून जाणारे तुकडे मोजले जातात. जवळजवळ सर्वांत बदल असल्यास दोन्ही प्रती सिकलच्या. निम्म्यांत असल्यास एक. डेल्टा ग्लोबिन हे बरेच साम्य असलेले जनुक जवळच असल्याने ज्यांच्या जागेची खात्री कमी, असे तुकडे बाजूला ठेवावे लागतात.

मात्र निम्म्या तुकड्यांत बदल दिसला म्हणजे मूल केवळ वाहक, असे मानणे आमच्या मते सर्वांत धोक्याचे. एका पालकाकडून सिकलसेल व दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया आलेल्या मुलाच्या धारिकेतही त्या स्थानी निम्मेच तुकडे बदललेले दिसतात. ते मूल मात्र रुग्ण असते. वाहकास सहसा उपचार लागत नाहीत. या मुलास हायड्रॉक्सियुरिया, लसीकरण, नियमित देखरेख लागते. म्हणून एका अक्षरावर न थांबता संपूर्ण जनुक पाहिले पाहिजे. भारतात सर्वाधिक आढळणारा थॅलेसेमियाचा दोष याच जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमधील पाचव्या अक्षरात असतो. काहींमध्ये ६१९ अक्षरांचा तुकडाच गळालेला असतो. तेथे कोणतेही अक्षर बदललेले दिसत नाही, केवळ तुकड्यांची संख्या घटते. अक्षरे तपासणाऱ्या साध्या आज्ञावलीस तो सापडतच नाही.

अशा दांपत्याच्या प्रत्येक गर्भधारणेत बाळास हा संयुक्त आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून निदानाचा संबंध पुढच्या अपत्याशीही येतो. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट आहे. तपासण्या वाढतील तशी संदिग्ध प्रकरणेही वाढतील, अशी आमची अटकळ आहे.

पालकांना विनंती, की नमुना देण्यास येताना आधीचे सर्व अहवाल, शेवटचे रक्त चढविल्याची तारीख आणि शक्य असल्यास मुलाचे आईवडील दोघेही सोबत असावेत.